पाहुण्याचा अभिप्राय आणि यजमानाची पत



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली, आणि पुढे ती गावोगाव पसरली. अशा व्यासपीठावर इतिहास, वाङ्मय, राजकारण हे विषय शोभतात. खानावळी आणि लॉज ह्यांच्या जाहिरातीवर बोलायला कोणी उभा राहिला, तर 'हा विषय व्यापारी मंडळाच्या कचेरीत बरा' असे काहींना वाटेल. परंतु स्वतः रानडे देशी उद्योग कसा वाढेल ह्याचा विचार आयुष्यभर करीत आले. लहान माणसाचा धंदा कोणत्या गोष्टीवर उभा राहतो आणि कोणत्या गोष्टीने बुडतो, हा प्रश्न त्यांना हलका वाटला नसता. माझा आजचा विषय त्याच जातीचा आहे.

आपल्या कोकणाकडे पाहा. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पर्यटन विकास महामंडळाने निवास व न्याहरीची योजना काढली. दापोली, गुहागर, दिवेआगर, मालवण ह्या बाजूला कित्येक कुटुंबांनी राहत्या घराच्या दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी मोकळ्या केल्या. माजघरात घरची मंडळी आणि पडवीपलीकडे पाहुणे, असा हा संसार आहे. मुलगा मुंबईहून परत येऊन हे काम पाहतो, सून मोदक करते, आजी सोलकढीच्या प्रमाणावर लक्ष ठेवते. ह्या घराजवळ जाहिरातीला पैसा नाही. त्याची सगळी पत आज मोबाइलच्या पडद्यावरील पाच ताऱ्यांवर आणि त्यांखाली लिहिलेल्या चार ओळींवर ठरते. हे तारे कोण देतो, त्यांचा परिणाम किती होतो आणि यजमानाने त्यांच्याशी कसे वागावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम एक मूळ अडचण लक्षात घेऊ. आपल्या आळीतला वाणी सहसा फसवत नाही. तो सज्जन असतो हे खरेच, पण उद्या सकाळी आपण पुन्हा त्याच्याच दुकानात जाणार, हे त्याला ठाऊक असते. प्रवाशाचे तसे नसते. एस. टी. स्टँडसमोरच्या उपाहारगृहात पातळ आमटी आणि शिळी पोळी का मिळते? कारण खाणारा पुन्हा येणार नाही, हे मालकाला माहीत असते. एकदाच येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती कोणतेही शस्त्र नसते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ ह्यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हाच मुद्दा मांडला. विकणाऱ्याला मालाचा दोष ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला ठाऊक नाही, असे झाले की घेणारा सर्वच मालाला कमी किंमत देऊ लागतो. मग चांगला माल असणाऱ्याला विकणे परवडत नाही, आणि बाजारात टाकाऊ मालच उरतो. ह्या आणि अशा विचारांसाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला.

ह्या अडचणीवर माणसाने पूर्वीपासून उपाय शोधले. नाशिक-त्र्यंबकेश्वरी जाणारा यात्रेकरू आपल्या घराण्याच्या उपाध्यायाकडे उतरे, कारण त्याच्या वहीत आजा-पणजाची नावे असत. ओळखीची जागा म्हणजे भरवशाची जागा. पुढे मोठ्या कंपन्यांनी निराळा उपाय काढला. प्रत्येक शहरात एकाच नावाचे हॉटेल, एकच पाटी, एकच पद्धत. अनोळखी गावात उतरलेला माणूस त्या पाटीकडे वळतो. तिथे विशेष चांगले मिळेल म्हणून नव्हे, तर विशेष वाईट मिळणार नाही म्हणून. ह्या दोन्ही व्यवस्थांत तोटा होतो तो लहान स्वतंत्र यजमानाचा. त्याचे अंथरूण स्वच्छ असेल, त्याचे जेवण उत्तम असेल, पण ते दूरच्या माणसाला कळावे कसे? त्याच्या टेबलावर शेरेबुक असे, त्यात पाहुणे चांगले चांगले लिहून जात. परंतु ते शेरेबुक वाचायला आधी त्याच्या दारात यावे लागे!

इंटरनेटने जे केले ते इतकेच, की ते शेरेबुक घराबाहेर नेऊन चव्हाट्यावर ठेवले. अमेरिकेत ट्रिपॲडव्हायझर २००० साली निघाले, येल्प २००४ साली. आपल्याकडे २००८ साली फूडीबे ह्या नावाने उपाहारगृहांच्या पदार्थांच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. तेच पुढे झोमॅटो झाले. गूगलच्या नकाशावर तर आज चहाच्या टपरीलाही तारे आहेत. एकदाच येणाऱ्या पाहुण्याच्या हाती प्रथमच शस्त्र आले: तो स्वतः परत येणार नाही, पण त्याच्या मागून येणाऱ्या शंभरांशी तो बोलू शकतो.

कोणी विचारील की, ह्या ताऱ्यांनी खरोखर फरक पडतो काय? ह्याचा नीट अभ्यास झालेला आहे, आणि त्याची युक्ती सांगण्याजोगी आहे. येल्प सरासरी दाखवताना ती जवळच्या अर्ध्या ताऱ्यापर्यंत नेऊन दाखवी. म्हणजे एका खानावळीची सरासरी ३.२४ असेल तर तीन तारे दिसत, आणि दुसरीची ३.२६ असेल तर साडेतीन. वस्तुतः दोघींच्या स्वयंपाकात काही अंतर नाही; पण पाहणाऱ्याला अर्ध्या ताऱ्याचे अंतर दिसते. अशा जोड्या घेऊन अँडरसन आणि मॅग्रूडर ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्कोमधील उपाहारगृहे तपासली. २०१२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की जास्तीच्या अर्ध्या ताऱ्यामुळे संध्याकाळच्या सर्व जागा आधीच भरून जाण्याचे प्रमाण १९ टक्क्यांच्या अंकांनी वाढते. हार्वर्डच्या मायकेल लुका ह्यांनी २०११ साली सिॲटल शहरातील उपाहारगृहांच्या उत्पन्नाचे आकडे घेऊन दाखवले, की एक तारा वाढला तर उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते. परंतु त्यांच्या अभ्यासातील माझ्या मते अधिक महत्त्वाचा भाग पुढेच आहे. हा सगळा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांवर झाला. शाखा असलेल्या मोठ्या कंपन्यांवर ताऱ्यांचा परिणाम जवळजवळ दिसला नाही. त्यांची पाटीच त्यांची साक्ष देते. ज्याच्याजवळ पाटी नाही, त्याला पाहुण्याची साक्ष उपयोगी पडते.

सिॲटलचे टक्के जसेच्या तसे गुहागरला लावता येणार नाहीत, हे मी जाणतो. पण दिशा स्पष्ट आहे. हे साधन लहान माणसाच्या उपयोगाचे आहे. म्हणून ते त्याने नीट हाती घेतले पाहिजे.

नीट म्हणजे कसे? पहिली गोष्ट फुकट आणि सोपी आहे, आणि तीच पुष्कळांकडून होत नाही. गूगलवर आपल्या घराची नोंद आपल्या ताब्यात घ्यावी. नाव, दूरध्वनी, नकाशावरची जागा, जेवणाच्या वेळा बरोबर असाव्यात. रात्री नऊ वाजता चार पोरे घेऊन आलेल्या गृहस्थाला नकाशाने भलत्याच पाणंदीत नेऊन सोडले, तर पुढे तुम्ही अमृत वाढलेत तरी त्याच्या शेऱ्यात ती पाणंद येणारच.

दुसरी गोष्ट वर्णनाची. आपण लिहितो, 'समुद्रापासून पाच मिनिटे.' ती पाच मिनिटे मोटारीची असतात, आणि पाहुणा ती पायांची समजतो. आपण रुंद भिंगाने फोटो काढतो, आणि दहा बाय दहाची खोली दिवाणखान्यासारखी दिसते. पाहुणा येतो तो त्या फोटोतल्या खोलीत राहायला. आणि ती खोली तर जगात कुठेच नसते! म्हणून जे आहे ते सांगावे, आणि जे नाही ते आधी सांगावे. 'समुद्र चालत वीस मिनिटे. पावसाळ्यात वीज जाते. मोबाइलला अंगणात रेंज येते, खोलीत येत नाही. जेवण आदल्या दिवशी सांगावे लागते. जिना उभा आहे, वृद्धांना त्रास होईल.' असे लिहिल्याने दोन गिऱ्हाइके कमी येतील, हे खरे. पण ती दोन आली असती, तर त्यांनीच दोन तारे देऊन दहा जणांना परत पाठवले असते. तक्रारीचे मूळ पुष्कळदा सोयीच्या अभावात नसते. सांगितलेले आणि मिळालेले ह्यांतील अंतरात असते.

तिसरी गोष्ट मागण्याची. समाधानी माणूस 'छान झाले' म्हणून गाडीत बसतो आणि विसरतो. रागावलेला माणूस गाडीत बसूनच लिहायला लागतो. म्हणून निघताना सर्वांना सांगावे, की जसे वाटले तसे लिहा. ह्यामागे साधा हिशेब आहे. दहा पाहुण्यांनी पाच-पाच तारे दिले असतील आणि अकराव्याने एकच दिला, तर सरासरी ४.६४ वर येते. शंभरांनी पाच दिले असतील आणि एकशे एकाव्याने एक दिला, तर ती ४.९६ राहते. पुष्कळ अभिप्राय ही लहान यजमानाची ढाल आहे. मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात, आणि ती गूगलच्या नियमांतही आहेत: अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा भेट देऊ नये, आणि खूश दिसणाऱ्यांनाच निवडून विचारू नये.

चौथी गोष्ट उत्तर देण्याची, आणि इथे आपला महाराष्ट्रीय स्वभाव आड येतो. समजा, एकाने लिहिले, 'सकाळी गरम पाणी मिळाले नाही. विचारले तर लाइट नाही म्हणाले.' आता मालकाचे उत्तर ऐका: 'आपण सहा जण सांगून नऊ जण आलात, हे लिहायचे राहिले वाटते. आणि लाइट काही आमच्या घरी तयार होत नाही.' ह्यातला शब्द न् शब्द खरा असेल. पुण्याच्या पाट्यांवर वाढलेल्या आपल्या मनाला ते वाचून आनंदही होईल. पण वाचणारा तिऱ्हाईत एवढेच ठरवतो, की ह्या घरी तक्रार करण्याची सोय नाही. आता दुसरे उत्तर पाहा: 'त्या पहाटे वीज गेली आणि आपली गैरसोय झाली, ह्याबद्दल दिलगीर आहोत. आता परसात बंब ठेवला आहे. वीज नसली तरी गरम पाणी मिळेल.' तक्रार करणारा कदाचित हे वाचणारही नाही. हे उत्तर त्याच्यामागून वाचणाऱ्यांसाठी आहे. अर्थात बंब खरोखर ठेवलेला असला पाहिजे, हे सांगायला नको.

प्रॉसर्पिओ आणि झर्व्हास ह्या दोघांनी टेक्सासमधील हॉटेले घेऊन २०१७ साली हेच मोजून दाखवले. व्यवस्थापनाने उत्तरे देण्यास सुरुवात केल्यावर अभिप्रायांची संख्या १२ टक्क्यांनी वाढली आणि सरासरी ०.१२ ताऱ्याने वर गेली. वाईट शेरे कमी झाले, पण जे आले ते अधिक लांब व तपशीलवार आले. मालक वाचतो आणि उत्तर देतो हे कळले, की उगाच खडा मारणारा हात आवरतो. ज्याची तक्रार खरी आहे तो मात्र ती नीट मांडतो. धंदा करणाऱ्याला ह्याहून काय हवे?

ह्याच्या उलट वागणाऱ्याचेही उदाहरण आहे. न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका अतिथिगृहाने लग्नाच्या मंडळींसाठी नियम केला, की वऱ्हाडातील कोणी वाईट अभिप्राय लिहिला तर दर अभिप्रायामागे ५०० डॉलर अनामतीतून कापले जातील. २०१४ साली हा नियम वर्तमानपत्रांत आला, आणि ज्यांनी त्या घराची पायरीही चढली नव्हती अशा लोकांनी त्यावर वाईट शेऱ्यांचा पाऊस पाडला. २०१६ साली अमेरिकेत अशा अटींना मनाई करणारा कायदाच झाला.

आता इन्स्टाग्राम आणि फेसबुक ह्यांविषयी थोडेसे. अभिप्राय ही पाहुण्याची साक्ष आहे, आणि तिथे यजमान स्वतः बोलतो. बोलण्यास हरकत नाही. आंब्याला मोहोर कधी आला, होड्या किनाऱ्याला कधी लागतात, आज घरात कोणती भाजी आहे, हे रोजचे साधे सांगणे लोकांना आवडते. परंतु फोटोने आणलेली गर्दी नेहमी पाहुण्यांची असतेच असे नाही. जपानमधील फुजीकावागुचिको गावात एका दुकानामागे फुजी पर्वत फार सुंदर दिसतो, हे फोटोंमुळे जगभर झाले. लोक रस्ता अडवू लागले, कचरा टाकू लागले. शेवटी २०२४ च्या मे महिन्यात गावाने तो देखावा झाकण्यासाठी काळी जाळी उभारली. ती ऑगस्टात काढली. ते लोक फोटो काढून निघून जात. गावाच्या वाट्याला कचरा राही. दोन खोल्यांच्या घराने लाखभर लोकांना बोलावण्यात अर्थ नाही. त्याला आवडीने येणारी साठ-सत्तर कुटुंबे पुरतात.

आता मी ह्या विषयाच्या अवघड भागाकडे येतो. ताऱ्यांनी उत्पन्न वाढते हे कळले, की तारे विकत घेण्याची इच्छा होते. आणि विकणारे असतातच. इटलीतील लेच्चे येथील न्यायालयाने २०१८ साली हॉटेलांना खोटे अभिप्राय लिहून विकणाऱ्या एका धंद्याच्या मालकास नऊ महिन्यांची कैद सुनावली आणि खर्च व नुकसानभरपाई भरण्यास सांगितले. २०१७ साली ऊबा बटलर ह्या लेखकाने लंडनमध्ये आपल्या परसातील खोपट्याची उपाहारगृह म्हणून नोंद केली, दाढीचा साबण वगैरे वापरून पदार्थांचे फोटो काढले आणि मित्रांकडून अभिप्राय लिहवून घेतले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ते खोपटे ट्रिपॲडव्हायझरवर लंडनच्या १८ हजारांहून अधिक उपाहारगृहांत पहिल्या क्रमांकावर आले. तिथे कधी चूलही पेटली नव्हती!

ही गंमत हसण्यावारी नेता आली असती. पण पुढचा अभ्यास गंभीर आहे. मेझलिन, डोव्हर आणि शेव्हालिए ह्यांनी २०१४ साली दोन स्थळांवरील अभिप्रायांची तुलना केली. एक्स्पीडियावर ज्याने खोली घेतली त्यालाच लिहिता येई, ट्रिपॲडव्हायझरवर कोणालाही. दोन्हींकडे एकाच हॉटेलाविषयी लिहिलेले ताडून पाहिल्यावर दिसले, की जिथे कोणीही लिहू शकतो तिथे लहान मालकांच्या स्वतंत्र हॉटेलांना स्तुती अधिक मिळते. आणि अशा हॉटेलाच्या शेजाऱ्याला निंदा अधिक मिळते. बोस्टन शहराविषयी लुका आणि झर्व्हास ह्यांचा २०१६ सालचा अभ्यासही असाच आहे. तिथे उपाहारगृहांवरील सुमारे १६ टक्के अभिप्राय येल्पने संशयास्पद म्हणून बाजूला काढलेले होते. ज्यांच्याजवळ अभिप्राय थोडे आहेत किंवा ज्यांना नुकतेच वाईट शेरे मिळाले आहेत, त्यांच्याकडे हे अधिक आढळले, आणि शाखावाल्या कंपन्यांकडे कमी.

ह्याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्या साधनाने लहान माणसाला प्रथमच मोठ्याच्या बरोबरीने उभे केले, ते साधन बिघडवण्याचा मोह त्या लहान माणसालाच सर्वांत अधिक आहे. आणि ते बिघडले तर नुकसान कोणाचे? मोठ्या कंपनीचे नाही. लोकांचा ताऱ्यांवरचा विश्वास उडाला, की ते पुन्हा ओळखीच्या पाटीकडे जातील. अभिप्राय ही गावच्या पाणवठ्यासारखी वस्तू आहे. एकाने त्यात घाण टाकली तर त्याचा हंडा तेवढा खराब होतो असे नाही. आंजर्ल्याच्या एका घराने दहा खोटे शेरे विकत घेतले, की शेजारच्या प्रामाणिक घराचे दहा खरे शेरेही संशयास्पद ठरतात.

कायदा आहे, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्याखाली फसव्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आय. एस. १९००० हे मानक काढले. अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत ते त्यात सांगितले आहे. ते ऐच्छिक आहे. फुकट राहून स्तुतीचे व्हिडिओ करणाऱ्यांनी ते फुकट राहणे जाहीर केले पाहिजे, असे केंद्र सरकारने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले. परंतु प्रत्येक खोट्या ताऱ्यामागे शिपाई धावणार नाही. इथे शेवटी आपले आपणच राखले पाहिजे. एका किनाऱ्यावरच्या दहा-वीस घरांनी एकत्र बसून ठरवावे, की आपण तारे विकत घेणार नाही आणि शेजाऱ्याच्या नावाने शिमगा करणार नाही. एकाची खोली भरली तर पाहुणा दुसऱ्याकडे पाठवावा. अशा गावाची कीर्ती एका घराच्या कीर्तीपेक्षा लांब जाते.

आणखी एक सावधगिरी सांगतो. ही सर्व स्थळे परक्याच्या जागेत आहेत. खोल्यांचे आरक्षण करणाऱ्या कंपन्या शंभरातील पंधरा-वीस रुपये किंवा त्याहून अधिक घेतात; त्यांनी नियम बदलला, की आपला क्रमांक बदलतो. म्हणून एकदा आलेल्या पाहुण्याचा पत्ता व दूरध्वनी त्याच्या परवानगीने आपल्या वहीत असावा, आणि दिवाळीपूर्वी त्याला चार ओळींचा निरोप जावा. नाशिकच्या उपाध्यायाची वही आजही जुनी झालेली नाही.

इथे बसलेल्या बहुतेकांचे हॉटेल नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही पाहुणे आहात. तेव्हा तुमच्याकडेही थोडे मागतो. मे महिन्यात तुम्ही कोकणात जाल. चांगले वाटले तर लिहा. नुसते 'मस्त' असे न लिहिता काय चांगले होते ते लिहा, म्हणजे दुसऱ्याला उपयोग होईल. वाईट वाटले तर आधी यजमानाला तोंडावर सांगा. त्याने सुधारले तर तेही लिहा. 'एक तारा देईन' अशी धमकी देऊन जेवणाचे पैसे कमी करून घेऊ नका; असे करणारेही आहेत. ज्या घरात उतरलात त्याची आठ महिन्यांची भाकरी तुमच्या दोन ओळींवर अवलंबून असू शकते, हे लिहिताना ध्यानात असू द्या. आणि खोटी स्तुतीही करू नका. कोणी ओळखीचा गळ घालील, 'पाच तारे टाक ना,' तर त्याला सांगा, 'आधी येतो, राहतो, जेवतो, आणि मग टाकतो.'

ह्या विषयावर सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण वेळ संपली आहे.  माझ्या ह्या व्याख्यानाचा खरा अभिप्राय बाहेर चपला घालताना काय बोलले जाते त्यावर ठरेल. तो ऐकायला मी दारापाशी थोडा वेळ उभा राहणार आहे.